डिझेल गाडी थंडीत का अडून बसते? उत्तर आहे बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्या एका इंजिनिअरकडे

डिसेंबर-जानेवारीतली पहाट. पालघर जिल्ह्यात कसली आलीय थंडी, असं कुणी म्हणेल. पण जव्हार-मोखाड्याच्या बाजूला गारठा चांगलाच पडतो. पाम, बोईसर, तारापूरच्या रस्त्यांवरही पहिल्या पाळीच्या वेळी स्वेटर दिसायला लागतात. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली जुनी डिझेल व्हॅन अशा वेळी चावी फिरवली की नुसती घरघरते. माणसं स्टॉपवर ताटकळतात आणि ड्रायव्हरची खेप बुडायची वेळ येते. शेजारची पेट्रोल गाडी मात्र एका सेल्फमध्ये चालू होऊन निघूनही जाते.

हा फरक का पडतो, ते समजून घ्यायचं तर थेट सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. कारण डिझेल हे नुसतं तेलाचं नाव नाही, ते एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल.

चामड्याचं काम करणाऱ्याचा पोरगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवायचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताचीच.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथं सगळ्यांचं भागेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आलं. घर सुटलं, पण शिक्षण सुरू झालं. पोरगा इतका हुशार निघाला की म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला.

तिथं त्याला प्राध्यापक भेटले कार्ल फॉन लिंडे. यंत्रानं बर्फ आणि थंडावा तयार करण्याच्या तंत्रातलं हे फार मोठं नाव. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट कळली. त्या काळातली वाफेची इंजिनं कोळशातली साधारण ९० टक्के उष्णता वाया घालवत होती. कामाला यायची ती जेमतेम १० टक्के. हा आकडा त्याच्या डोक्यात कायमचा बसला.

१८८० मध्ये तो उत्तम गुणांनी पास झाला आणि लिंडेंकडेच नोकरीला लागला. काम काय, तर पॅरिसमध्ये बर्फाचे कारखाने उभे करायचे. पुढं अनेक वर्षं त्याचं पोट या थंडाव्याच्या धंद्यावरच चाललं.

काडी न लावता पेटणारी आग

बर्फाचा धंदा सांभाळत तो कमी इंधन खाणाऱ्या इंजिनाच्या मागं लागला. त्याची कल्पना ऐकायला सोपी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबायची की तापून लाल व्हायची वेळ येईल आणि त्या तापलेल्या हवेत तेल सोडायचं. ठिणगी नको, काडी नको. तेल आपोआप पेटेल.

१८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप कंपनी यांनी पैसा लावला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीत इंजिनावरचं दाब मोजायचं यंत्रच फुटलं आणि माणसं थोडक्यात वाचली. पण हवेच्या उष्णतेनं तेल पेटतं, हे त्या स्फोटानंच सिद्ध केलं. पुढच्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या जिवावर चाललं, तेही जेमतेम मिनिटभर.

आणखी तीन वर्षं घासाघीस झाली. १८९७ मध्ये प्राध्यापकांसमोर रीतसर चाचणी झाली. इंजिननं इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. रुडॉल्फ डिझेल रातोरात जगभर गाजला.

मग थंडीत घोडं अडतं कुठं?

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथं हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तीच काडीचं काम करते.

थंडीत होतं असं की आत येणारी हवा गार, सिलिंडरचं लोखंड गार. दाबून तयार झालेली उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. इंजिन सावकाश फिरत असेल तर उष्णता निसटायला आणखी वेळ मिळतो. त्यातच गारठ्यात बॅटरी मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. म्हणून मेकॅनिक पुढच्या क्रमानं बघतो.

• सेल्फ जोरात फिरतोय का? सावकाश फिरत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल तपासा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

• हीटर प्लग चालतात का? जुन्या व्हॅनमध्ये चावी अर्धी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. एकदोन प्लग गेले असतील तर उन्हाळ्यात कळतही नाही, हिवाळ्यात मात्र गाडी उठत नाही.

• सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. उष्णता कमी पडतेय.

• धूरच नाही? मग बहुधा डिझेलच पोहोचत नाही. फिल्टर चोक झालाय किंवा लाइननं एअर घेतलीय. हातपंपानं एअर काढावी लागते.

• एकदा गरम झाल्यावर दिवसभर नीट चालते, सकाळीच रडते? प्लग आणि बॅटरी चांगली असूनही असं होत असेल तर रिंग झिजून कॉम्प्रेशन कमी झालेलं असू शकतं.

डिझेल गोठलं असेल, असं म्हणणारे बरेच भेटतात. डिझेलमध्ये मेण असतं आणि कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं, हे खरं. पण ही अडचण लडाखसारख्या भागातली. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. पालघरच्या थंडीत डिझेल गोठत नाही. त्यामुळं टाकीखाली जाळ करणं किंवा डिझेलमध्ये पेट्रोल ओतणं, असले प्रकार करू नका. जीव आणि इंजिन दोन्ही जाऊ शकतात.

नाव झालं, पैसा गेला

इकडं डिझेलचं नाव वाढत होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथंच एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आलं होतं. पेटंटच्या हक्कांतून त्याला लाखो मार्क मिळाले, म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला.

पण हिशेबात तो कच्चा निघाला. जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला, पेटंटवरून वाद झाले, डोकेदुखी आणि मानसिक ताणानं तो खचत गेला. कर्ज वाढलं.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधल्या अँटवर्पहून तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी लवकर उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती आणि बिछाना वापरलेलाच नव्हता. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन देह परत समुद्रात सोडला गेला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत, हे मुलानं ओळखलं. ती आत्महत्या होती, अपघात होता की घातपात, यावर अजून वाद चालतो.

जे त्यानं पाहिलंच नाही

डिझेलची इच्छा होती की आपलं इंजिन छोट्या कारागिराच्या कामी यावं, म्हणजे तो मोठ्या कारखान्यांपुढं टिकेल. त्याच्या हयातीत मात्र ते अवजडच राहिलं. कारखान्यात आणि जहाजावर शोभणारं. डिझेल ट्रक रस्त्यावर आले १९२० च्या दशकात, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. हीटर प्लगसुद्धा या छोट्या इंजिनांसोबतच रुळले.

आपल्याकडं १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर पोहोचलं. १९५४ पासून टाटांनी मर्सिडीज-बेंझसोबत डिझेल ट्रक बनवायला घेतले.

आज सातपाटीच्या बंदरावर गेलात तर मासेमारीला निघालेल्या बोटीत दोन गोष्टी आधी भरलेल्या दिसतील, खणात बर्फ आणि टाकीत डिझेल. एकावर रुडॉल्फची नोकरी चालली, दुसऱ्याला त्याचं नाव लागलं. छोट्या माणसाच्या हाती इंजिन देण्याचं त्याचं स्वप्न अशा बोटींवर, टेम्पोंवर आणि व्हॅनवर पुरं झालं. ते बघायला तो नव्हता, एवढंच.