वॉल्डेमार हाफकिन

हुबळीचा रेल्वे कारखाना ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या शहरात सापडणे कठीण. परंतु 1898 साली याच शहरावर प्लेगची धाड आली होती, हे किती जणांस ठाऊक असेल? लोक राहती घरे सोडून शेतांत झोपड्या घालून राहिले. त्या संकटात ज्यांनी शोधलेली लस हुबळीकरांच्या उपयोगी पडली, त्या वॉल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आज आम्ही सादर करीत आहोत.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्य नव्हते. प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पुढे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि 1892 साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. दुसऱ्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक पडवी एवढीच त्यांची प्रयोगशाळा. मांसाच्या कढणात तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्यांना लोंबून प्लेगचे जंतू वाढत. ते उष्णतेने मारले, की लस तयार होई. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी तीही प्रथम स्वतःस टोचली. ताप आला, वेदना झाल्या, पण अपाय झाला नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचण्यात आली. टोचलेल्यांत मृत्यू कमी झाले.

मग हुबळीची पाळी आली. कॅप्टन ल्यूमन या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिन्यांत तीस हजारांहून अधिक लोकांस लस टोचली गेली, आणि टोचलेल्यांचा व न टोचलेल्यांचा निरनिराळा हिशेब ठेवला गेला. लस म्हणजे अमृत नव्हे. टोचलेल्यांतही काही दगावले. परंतु न टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी पटीने अधिक आढळले. परक्या माणसाच्या सुईपुढे दंड उघडा करणाऱ्या आपल्या पूर्वजांचे धैर्यही या यशात सामावलेले आहे, असे आम्हांस वाटते.

1899 साली परळ येथे मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. पण दैव फिरले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. या रोगात जखमेतून विष शरीरभर पसरते, जबडा मिटतो आणि सर्वांगाचे स्नायू ताठतात. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा ठपका येऊन हाफकिन यांस कामावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः त्या बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हा पुरावा तपासून 1907 साली त्यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कोठे कलंक धुऊन निघाला. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. 1914 साली ते निवृत्त झाले. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, ज्या लशीने हजारोंचे प्राण वाचवले, तिच्यावरील विश्वास एका मळक्या चिमट्याने डळमळला. लहानसे कामही निष्ठेने करावे, आणि पुरावा पाहिल्यावाचून कोणास दोषी ठरवू नये, हे दोन धडे या चरित्रातून आपण घेतले, तर हुबळीवरील त्यांचे ऋण अंशतः तरी फिटेल.