कृष्णाजी नारायण आठल्ये

कृष्णाजी नारायण आठल्ये (जन्म : टेंभू, जि. सातारा, ३ जानेवारी १८५३, मृत्यू : २९ नोव्हेंबर १९२६) हे मराठी कवी, ग्रंथकार, ग्रंथपरीक्षक, चित्रकार आणि ‘केरळकोकिळ’ या मासिकाचे संपादक होते. अतिरेकाचे तोटे ओळीओळीतून मोजून दाखवणारी त्यांची कविता महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केली. कवीचे नाव मात्र त्यांतल्या थोड्यांच्याच लक्षात राहिले. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात आठल्ये यांचा उल्लेख येतो तो वेगळ्या कारणाने. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे मराठी रूप १९०० साली त्यांच्या मासिकातून क्रमशः येऊ लागले. मराठी विज्ञानसाहित्याचा आरंभ सामान्यतः तेथून मोजला जातो.

प्रारंभीचे जीवन

आठल्ये यांचे जन्मगाव टेंभू हे कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी वसलेले आहे. याच गावी तीन वर्षांनंतर, १८५६ साली, गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. एवढ्याशा खेड्याने मराठी नियतकालिकांना दोन संपादक द्यावेत, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली निघाला. त्याच्या दोन वर्षे आधी आठल्ये यांचे मासिक सुरू झाले होते. दोघांच्या वाटा अर्थातच निराळ्या होत्या. आगरकरांना समाज बदलायचा होता. आठल्ये हे जुन्या वळणाचे, काव्यशास्त्रविनोदात रमणारे गृहस्थ होते. त्यांना मराठी वाचक चोखंदळ आणि बहुश्रुत व्हावा असे वाटे.

त्यांचे शिक्षण टेंभू, कऱ्हाड आणि पुणे येथे झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पुढे ती सोडून ते चित्रकलेकडे वळले. सरकारी शाळेतील बऱ्यापैकी निश्चित पगार सोडून रंगकुंचल्यावर पोट भरायचे, हे त्या काळी धाडसच होते. पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेला भारतात नुकताच आश्रय मिळू लागला होता; राजा रविवर्मा आठल्ये यांच्याहून अवघे पाच वर्षांनी वडील. चित्रकलेच्या निमित्ताने आठल्ये महाराष्ट्राबाहेर पडले आणि फिरत फिरत कोचीनला पोहोचले. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत महत्त्वाचे काम याच परमुलखात झाले.

कोचीन आणि ‘केरळकोकिळ’

तेव्हाचे कोचीन बंदर बहुभाषक होते. शेजारच्या मट्टनचेरीत गोव्याकडून आलेल्या कोंकणी भाषक सारस्वतांची जुनी वस्ती होती, गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, यहुदी व सीरियन ख्रिस्ती कुटुंबे होती. देवजी भीमजी या गुजराती व्यापाऱ्याचा तेथे छापखाना होता. त्यातूनच १८८१ साली ‘केरळमित्रम्’ हे मल्याळम वृत्तपत्र निघाले. त्याचे पहिले संपादक कंडत्तिल वर्गीस माप्पिळ्ळै यांनी पुढे ‘मलयाळ मनोरमा’ची स्थापना केली. मल्याळम पत्रकारितेच्या इतिहासात देवजी भीमजींना मानाचे स्थान आहे. त्यांच्याच आश्रयाने १८८६ साली ‘केरळकोकिळ’ हे मराठी मासिक सुरू झाले आणि संपादनाची धुरा आठल्ये यांच्याकडे आली. गुजराती मालक, मल्याळी गाव आणि मराठी मासिक असा हा त्रिवेणी योग होता.

हा काळ मराठी मासिकांच्या दृष्टीने तसा पोकळीचा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८८१ साली थांबली होती आणि १८८२ मध्ये शास्त्रीबुवांचे निधनही झाले. १८६७ पासून चालू असलेले ‘विविधज्ञानविस्तार’ विद्वानांसाठी होते. १८८१ पासून निघणारे विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मुलांसाठी होते. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ (१८९०) आणि काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ (१८९५) अजून यायचे होते. विद्वान नसलेल्या, पण वाचनाची भूक असलेल्या प्रौढ वाचकासाठी फारसे काही नव्हते. ‘केरळकोकिळा’ने नेमका हा वाचक धरला. कविता, ग्रंथपरीक्षणे, कूटप्रश्न, देशोदेशीच्या चमत्कारिक गोष्टी आणि शास्त्रीय माहिती यांचे मिश्रण त्यात असे. कोकण, देश, वऱ्हाड आणि मुंबई येथील वर्गणीदारांना हे मासिक परप्रांतातून घरपोच येई.

अडचणी

मराठी मुलखापासून इतक्या दूर राहून मासिक चालवणे किती जिकिरीचे होते, हे आज ध्यानात यायला त्या काळची साधने डोळ्यांपुढे आणावी लागतात. पहिली अडचण खिळ्यांची. देवनागरी मजकूर हाताने जुळवायचा तर स्वर, व्यंजने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून शेकडो प्रकारचे खिळे लागत. असे खिळे ओतणारे कारखाने मुंबईत होते. मल्याळम छापणाऱ्या गावात एखादे जोडाक्षर कमी पडले तर ते समुद्रमार्गे मागवण्यावाचून गत्यंतर नसे. मराठी जाणणारा जुळारी मिळणेही तेथे दुर्मीळ. भाषा न समजणाऱ्या जुळाऱ्याने नुसता आकार पाहून जुळवलेल्या मजकुराची मुद्रिते तपासणे म्हणजे काय, हे ज्याने कधी मुद्रिते तपासली असतील त्यालाच कळेल.

दुसरी अडचण टपालाची. शोरनूरपासून कोचीनकडे येणारा लोहमार्ग १९०२ साली सुरू झाला. त्यापूर्वी कोचीनची मुख्य भिस्त जलमार्गावर होती, आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील बोटींची ये-जा बहुतांशी बंद पडे. म्हणजे वाचक घरात बसून वाचायला मोकळा असे त्याच महिन्यांत अंक पोहोचवणे सर्वांत अवघड. तिसरी अडचण वर्गणीची. त्या काळच्या मराठी नियतकालिकांचे चालक थकलेल्या वर्गणीने हैराण असत. १८७७ पासून भारतात व्ही. पी. टपालाची सोय झाली होती, पण वर्गणीदाराने व्ही. पी. परत पाठवली तर टपालखर्चाचा भुर्दंड मासिकावरच पडे. श्रीमंत संस्थानिकाचा आश्रय नाही, सरकारी शाळाखात्याची खात्रीची खरेदी नाही, अशा स्थितीत शंभर वर्गणीदार तुटले तरी हादरा बसे.

पहिली सुमारे पाच वर्षे कोचीनहून निघाल्यावर ‘केरळकोकिळ’ मुंबईहून प्रसिद्ध होऊ लागले. छपाई, खिळे आणि टपाल या तिन्ही दृष्टींनी हे स्थलांतर अपरिहार्य होते. नाव मात्र कायम राहिले. केरळाशी संबंध न उरलेला वाचकही त्या नावावर जीव टाकू लागला होता, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

ग्रंथपरीक्षणे

आठल्ये यांचा दबदबा निर्माण झाला तो परीक्षणांमुळे. ती परखड, पुष्कळदा विनोदी आणि कधी कधी बोचरी असत. वृत्ताचा दोष, व्याकरणाची चूक, उसनी कल्पना यांपैकी काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. स्वतः वृत्तबद्ध रचनेवर हुकमत असल्यामुळे कवींना त्यांच्यापुढे पळवाट नसे. या धोरणात आर्थिक धोका होता. लहान मासिक हे लेखकांच्या स्नेहावर आणि पुस्तकविक्रेत्यांच्या मर्जीवर तगते. दुखावलेला ग्रंथकार आपले वजन वापरून वर्गणीदार फोडू शकतो. तरीही भिडेखातर स्तुती करणे त्यांनी टाळले. चिपळूणकरांनंतर मराठी ग्रंथपरीक्षणाची परंपरा चालू ठेवणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या सगळ्याच निवाड्यांशी आज सहमत होता येणार नाही. नव्या धाटणीच्या कवितेला जुन्या अलंकारशास्त्राच्या तराजूत तोलण्याची सवय त्यांना शेवटपर्यंत होती.

‘चंद्रलोकची सफर’

इतक्या जुन्या रुचीच्या संपादकाच्या मासिकात चंद्रावर जाण्याची यांत्रिक कथा यावी, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. पण ‘केरळकोकिळा’चे अंतरंग पाहिले तर त्यात विसंगती नाही. चमत्कारिक गोष्टी आणि शास्त्रीय माहिती ही दोन्ही सदरे वाचकाच्या अंगवळणी पडलेली होती; व्हर्नच्या कथेत ती एकत्र आली इतकेच.

व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ सालची. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बेकार झालेले बाल्टिमोरचे तोफखानाप्रेमी लोक फ्लॉरिडात जमिनीत ९०० फूट लांबीची तोफ ओततात आणि अॅल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यात तीन माणसांना बसवून तो चंद्राकडे उडवतात, असे तिचे कथानक आहे. चंद्र गाठायला ९७ तासांहून थोडा अधिक वेळ लागेल असा हिशेबही त्यात मांडला आहे. गोळ्याचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी फ्रेंच वाचकांना १८७० सालच्या उत्तरभागाची वाट पाहावी लागली. तोफेतून सुटताना बसणाऱ्या भयंकर धक्क्याने आतील माणसे जिवंत राहणे शक्य नव्हते, हा या कल्पनेतील मोठा दोष होय. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की याने तोफेऐवजी अग्निबाणाचा मार्ग गणिताने मांडला तो १९०३ साली.

अशी कथा मराठीत आणायची म्हणजे वेग, गुरुत्वाकर्षण, प्रक्षेप्य, हवेचा दाब या कल्पना गोष्टीच्या ओघात सांगता येतील अशी भाषा हवी. ती तोवर तयार झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहगणित मराठीत आणले होते. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्रावर मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालचा. वर्गात शिकवण्यासाठी घडवलेले हे शब्द कथेत बोलू लागले ही ‘चंद्रलोकची सफर’ची खरी कामगिरी म्हटली पाहिजे. तिच्या शीर्षकातही एक गंमत आहे. चंद्रलोक हा आपल्याकडे उपनिषदांपासून चालत आलेला शब्द. तेथे पुण्यवान जीव मरणोत्तर जातो अशी समजूत. इथे त्याच लोकी माणसे जिवंतपणी, दारूगोळ्याच्या बळावर आणि परत यायच्या उमेदीने निघाली होती.

त्याच १९०० साली हिंदीतील ‘सरस्वती’ मासिकात केशवप्रसाद सिंह यांची ‘चंद्रलोक की यात्रा’ ही कथा प्रसिद्ध झाली. बंगालीत जगदीशचंद्र बोस यांनी वादळ शमवणाऱ्या तेलाच्या बाटलीची विज्ञानकथा १८९६ मध्ये लिहिली होती. म्हणजे चारपाच वर्षांच्या आत तीन भारतीय भाषांनी हा प्रांत हाताळून पाहिला. मराठीपुरते बोलायचे तर सुरुवात स्वतंत्र कथेने झाली नाही, रूपांतराने झाली, हे मान्य करायला हवे. स्वतंत्र लेखन लौकरच आले. नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ ही कादंबरी आणि श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा या संदर्भात नेहमी सांगितली जातात. रूपांतराने आधी वाचक तयार केला होता.

विज्ञानकथा असा साहित्यप्रकार आपण छापीत आहोत, ही जाणीव आठल्ये यांना असण्याचे कारण नव्हते. तसे नावच तेव्हा रूढ नव्हते. या प्रकाराला सर्वस्वी वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक ह्यूगो गर्न्सबॅक याने न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९२६ मध्ये काढले, आणि त्याच्याही पहिल्या अंकात व्हर्नची एक कादंबरी क्रमशः सुरू झाली. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी स्वतः काढलेली हौशी पत्रिका ‘द कॉमेट’ ही १९३० सालची. महाराष्ट्रात या हौसेला संस्थेचे पाठबळ मिळायला १९६६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने पुढे विज्ञानरंजन कथास्पर्धा भरवल्या, आणि १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. परिषदेचे विज्ञान भवन मुंबईत शीव-चुनाभट्टी येथे, देवनारकडे जाणाऱ्या वि. ना. पुरव मार्गावर आहे.

काव्य व अन्य लेखन

आठल्ये यांचे समकालीन त्यांना प्रामुख्याने कवी म्हणून ओळखत. भगवद्गीतेवरील ‘गीतापद्यमुक्ताहार’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले काव्य. त्यासाठी त्यांना ‘महाराष्ट्रभाषाचित्रमयूर’ ही पदवी मिळाली. गीता त्यांनी आर्यावृत्तातही उतरवली. ‘सासरची पाठवणी’ आणि ‘माहेरचे मूळ’ या कविता घरगुती विषयांवरच्या आहेत. लग्न झालेल्या मुलीच्या मनाची ओढाताण त्यांत साध्या शब्दांत आली असून, पांडित्याचा भार नसलेले आठल्ये ज्यांना पाहायचे असतील त्यांनी या दोन रचनांपासून आरंभ करावा. ‘पंचतंत्रामृत’, ‘समर्थांचे सामर्थ्य’, ‘ज्ञानेश्वरांचे गौडबंगाल’ आणि ‘फाकडे तलवारबहाद्दर’ ही त्यांची आणखी काही पुस्तके. रामदास, ज्ञानेश्वर, पंचतंत्र आणि तलवारबाज अशी ही यादी पाहिली म्हणजे ‘केरळकोकिळा’च्या अंकाचीच आठवण होते.

अतिरेकाचे दोष सांगणारी त्यांची ‘प्रमाण’ ही कविता भुजंगप्रयात वृत्तात आहे. राग, नम्रता, विश्रांती अशा एकेका गोष्टीची परिसीमा झाली की काय होते, ते तीत एका दमात सांगितले आहे. वृत्ताच्या ठेक्यामुळे ती मुलांच्या तोंडी सहज बसे, आणि पाठांतराची पद्धत शाळांतून गेल्यानंतरही वयस्कर मंडळींच्या बोलण्यात तिच्या ओळी म्हणींसारख्या येत राहिल्या.

आठल्ये यांनी सुमारे पाव शतक ‘केरळकोकिळा’ची धुरा वाहिली. २९ नोव्हेंबर १९२६ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.