जे. आर. डी. टाटा आणि अबूकीरचे प्लग

उंद्रीच्या रस्त्यावर फटफटीचा प्लग काजळला, तर स्वार खालीं उतरतो, प्लग पुसतो आणि पुढें जातो. एका इंजिनाच्या लहान विमानांत ही सोय नाहीं. इंजिन आकाशांत थांबलें कीं विमान खालीं येऊं लागतें, आणि सपाट, कोरडी जमीन शोधण्यास वैमानिकाजवळ थोडींच मिनिटें उरतात. आपल्या काळ्या रानांत पावसाळ्यांत तें उतरलें, तर चाकें रुतून उलटण्याचाच संभव अधिक.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील पारशी, मातुश्री फ्रेंच. लहानपणीं फ्रान्सच्या समुद्रकांठीं उन्हाळ्यांत राहत असतां त्यांनीं प्रसिद्ध वैमानिक ब्लेरिओ यांचीं विमानें पाहिलीं, आणि तेव्हां जडलेला छंद जन्मभर सुटला नाहीं. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिलेला तो पहिलाच होय.

त्याच वर्षीं आगाखान यांनीं पांचशें पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास ठराविक मुदतींत, एकट्यानें, प्रथम पुरा करणाऱ्या हिंदी माणसास तें मिळावयाचें होतें. मे १९३० मध्यें टाटा कराचीहून निघाले. उलट दिशेनें, इंग्लंडहून, अस्पी इंजिनीयर नांवाचा सतरा वर्षांचा तरुण येत होता.

इजिप्तमध्यें अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरच्या विमानतळावर टाटा उतरले, तों तेथें दुसरें तसलेंच विमान उभें दिसलें. चौकशी करितां कळलें कीं, अस्पी प्लगांवांचून अडकून पडला आहे. प्लगांतील ठिणगीनेंच इंजिनांतील पेट्रोलची वाफ पेटते. ठिणगी चुकली कीं इंजिन अडखळतें. अशा इंजिनानें वाळवंटावरून जाणें म्हणजे जिवाशीं खेळणें. प्रतिस्पर्धी तेथेंच राहता तर बक्षीस कोणास मिळालें असतें, हें सांगावयास नको. टाटांजवळ जादा प्लग होते. ते त्यांनीं काढून दिले. अस्पीनें आपला पाण्यावर तरंगविणारा अंगरखा त्यांस दिला. टाटांस पुढें समुद्र ओलांडावयाचा होता, अस्पी तो ओलांडून आला होता. हा सौदा मला कोणत्याही बक्षिसाहून मोठा वाटतो. दोघेही आपापल्या दिशेस उडाले.

अस्पी ११ मे रोजीं कराचीस पोहोंचला आणि कांहीं तासांच्या अंतरानें जिंकला. पुढें १९६० मध्यें तोच भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर विमान उतरविलें. तेथून तें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं मद्रासकडे नेलें. पावसाळ्यांत जुहूस चिखल होई, म्हणून हें काम पुण्यास हलवावें लागे. ह्याच लहानशा धंद्याची पुढें एअर इंडिया झाली. पन्नास वर्षांनीं, १९८२ मध्यें, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा त्याच वाटेनें एका जुन्या लहान विमानांत पुन्हां एकटे उडाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांचें देहावसान झालें.