इंद्रायणीकाठचे तेरा दिवस

देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती आणि पंढरीची वारीही. 1630 च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा दगावले. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, पडके विठ्ठलमंदिर दुरुस्त केले आणि ते कीर्तनाला उभे राहिले. पुढे अभंगांच्या वह्याही नदीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी देवालाच दोष दिला, पण त्याचे दार सोडले नाही. अन्नपाणी टाकून ते तेरा दिवस शिळेवर पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. विरोधक रामेश्वरभट्ट त्यांचे शिष्य झाले. गणरायापुढे हात जोडताना मनात भीती असली तरी संकोच नको; तुकोबांनी ती देवालाच सांगितली होती.