धुक्यांतून विमान उतरविणारे डूलिटल

जेम्स हॅरल्ड डूलिटल यांचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत अलामेडा या गांवीं १४ डिसेंबर १८९६ रोजीं झाला. बाळपण अलास्कांतील नोम या थंडगार गांवीं गेलें. अंगानें ते ठेंगणे, पण मुष्टियुद्धांत तरबेज. १९१७ सालीं ते सैन्यांत शिरून वैमानिक झाले आणि १९२२ च्या सप्टेंबरांत, वाटेंत एकदांच उतरून, त्यांनीं फ्लोरिडापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रवास एका दिवसाच्या आंत केला. लोक त्यांस धाडसी म्हणूं लागले. पण हाच धाडसी मनुष्य मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत अभ्यासास बसला व १९२५ सालीं डॉक्टर झाला, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

मुरलेल्या वैमानिकास विमानाची चाल अंगालाच कळते, असा त्या काळीं समज होता. वस्तुतः क्षितिज दिसेनासें झालें म्हणजे कानांतील तोल राखणारें इंद्रिय फसतें, आणि विमान कलून गरगरत खालीं जात असतांही आपण सरळ चाललों आहोंत असें वाटतें. जमीन न दिसल्यास वाऱ्याची दिशाही कळत नाहीं, असें डूलिटल यांस अभ्यासांत आढळलें होतें. पुढें १९२९ सालीं एका रात्रीं धुक्यांत उतरण्यास जागा मिळेना, पेट्रोल संपत आलें, तेव्हां न्यू जर्सींत विमान झाडावर आदळवून त्यांनीं कसाबसा जीव वांचविला.

गुगेनहाइम निधीच्या साह्यानें लाँग आयलंडवरील मिचेल विमानतळावर या प्रश्नाचे प्रयोग चालू होते व ते डूलिटल यांच्याकडे सोंपविलेले होते. स्पेरी यांनीं भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक सिद्ध केलें. कोल्समन यांनीं थोड्या फुटांचा फरकही दाखविणारा उंचीमापक दिला. जमिनीवरून रेडिओच्या लहरी सोडीत. विमान वाटेवर असलें म्हणजे यंत्रांतील दोन पट्ट्या सारख्या कांपत, वाट चुकली कीं एक अधिक कांपे.

२४ सप्टेंबर १९२९ रोजीं डूलिटल यांची बैठक आच्छादनानें पूर्ण झांकण्यांत आली. पुढच्या बैठकींत लेफ्टनंट केल्सी हे दुसरे वैमानिक, संकट आल्यास सांवरण्यासाठीं, बसले होते. त्यांनीं हात वर धरले होते, म्हणजे विमान कोण चालवितो हें खालच्यांस दिसावें! बाहेरचें कांहींही न पाहतां डूलिटल यांनीं उड्डाण केलें, वळसा घेतला आणि सुमारें १५ मिनिटांनीं त्याच मैदानावर विमान उतरविलें.

यंत्रावर विश्वास किती टाकावा, यालाही आज मर्यादा घातलेली आहे. यंत्रांच्या आधारें उतरण्याच्या सर्वांत साध्या प्रकारांत वैमानिकास सामान्यतः धावपट्टीवर निदान ५५० मीटरपर्यंत दिसावें लागतें. धावपट्टीपासून २०० फूट उंचीवर येईपर्यंत ती किंवा तिचे दिवे दिसले नाहींत, तर त्यानें पुन्हां वर चढावें, असा नियम आहे. तेथें आणखी क्षणभर वाट पाहण्याची मुभा नाहीं. अधिक सुसज्ज विमानतळ व विमान आणि खास शिकलेले वैमानिक असल्यास याहूनही खालीं येतां येतें. उड्डाणासही कमींत कमी किती दिसावें, हें ठरलेलें असतें.

१८ एप्रिल १९४२ रोजीं टोकियोवर गेलेल्या १६ विमानांच्या हल्ल्याचें नेतृत्व करून डूलिटल जगप्रसिद्ध झाले. २७ सप्टेंबर १९९३ रोजीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.