फॉलिक ॲसिडची बनावट किल्ली : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची गोष्ट

केमोथेरपीत केस का गळतात? तोंड का येतं? घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर हे प्रश्न पडतातच. त्यांचं उत्तर एका भारतीय शास्त्रज्ञाच्या कामात सापडतं.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आजच्या आंध्र प्रदेशातल्या भीमावरमचा. तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजारानं गेले. या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्तही कमी होत जातं.

मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद म्हणून त्यांनी खादीचा सर्जिकल गाऊन घातला. ब्रिटिश प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची एलएमएस पदवी हातात पडली. पुढं ते बोस्टनला हार्वर्डमध्ये गेले. तिथं पोट भरण्यासाठी हॉस्पिटलात रुग्णांची शौचपात्रं धुण्याचंही काम केलं. सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी शरीरातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली, स्नायूंना ऊर्जा देणाऱ्या एटीपीवर काम केलं. तरीही कायमची नोकरी मिळाली नाही. 1940मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली कंपनीत दाखल झाले.

तिथं त्यांच्या टीमनं 1945मध्ये फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. याची सुरुवात आपल्या मुंबईशीही जोडलेली आहे. 1928नंतर लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधला रक्तक्षय अभ्यासला होता. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे त्यांना दिसलं. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या भावांचा जीव घेणाऱ्या स्प्रूवरही ते उपयोगी ठरलं.

पण बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना वेगळंच आढळलं. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखी द्रव्यं दिली की आजार आणखी वाढत होता. मग उलटं केलं तर? सुब्बारावांच्या टीमनं हुबेहूब फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण त्याचं काम अडवणारं अमिनोप्टेरिन बनवलं.

ते काम कसं करतं? पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नवी प्रत काढते. त्यासाठी लागणारं थायमिन तयार व्हायला फॉलिक ॲसिडची मदत हवी असते. अमिनोप्टेरिन बनावट किल्लीसारखं कुलुपात अडकून बसतं. थायमिन तुटपुंजं पडलं की त्याच्या जागी युरॅसिल हे चुकीचं अक्षर बसतं. पेशी ते कापून काढते, पण भरायला पुन्हा चुकीचंच अक्षर मिळतं. कापाकापी वाढत जाते, डीएनएचे धागे तुटतात आणि शेवटी पेशी स्वतःलाच संपवते.

झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना हा फटका सर्वाधिक बसतो. त्यात कॅन्सरच्या पेशी असतात, तशा केसांच्या मुळांतल्या, तोंडातल्या, आतड्यातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही असतात. केमोचा त्रास होतो तो यामुळंच.

जून 1948मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. 16 पैकी 10 मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती काही महिनेच टिकली, पण औषधानं ल्युकेमिया मागं हटू शकतो, हे जगाला कळलं. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव गेले. वय अवघं 53.

त्यांच्याच टीमनं बनवलेलं मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचं भावंड आजही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं जातं. त्याचा मोठा डोस दिला की निरोगी पेशी वाचवण्यासाठी काही तासांनी फॉलिनिक ॲसिड देतात. ते फॉलिक ॲसिडचंच एक रूप. म्हणजे खोटी किल्ली आणि खरी किल्ली, दोन्ही आज एकाच पेशंटच्या उपचारात लागतात.