माशाच्या पोटातली माशी

जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज हे नाव आमच्या वर्गात कुणी ऐकले असेल असे वाटत नाही. इंग्लंडात मात्र ट्राऊट मासा गळाने धरणाऱ्या मंडळींत ते आजही आदराने घेतले जाते. हा गृहस्थ व्यवसायाने लंडनमधला वकील. जन्म १८५८ चा, न्यूफाउंडलंड बेटावरचा. शिक्षण विंचेस्टरच्या जुन्या शाळेत झाले आणि या शाळेजवळूनच इचेन नदी वाहते. लग्न त्यांनी केले नाही. कचेरीतून सवड मिळाली की ते या नदीवर जात. १८८३ ते १९३८ अशी पंचावन्न वर्षे त्यांनी विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन या एकाच पट्ट्यात मासे धरले.

इचेनचे पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून येते. ते इतके नितळ असते की तळाचे शेवाळ दिसते, आणि अर्थातच माशालाही काठावरचा माणूस दिसतो. अशा सावध माशाला गांडूळ न दाखवता कृत्रिम माशी दाखवायची, असा तिथला रिवाज. बारीक गळावर रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याच्या मानेचे पीस आणि थोडी लव बांधायची, की झाली माशी. खाण्याजोगे तिच्यात काहीच नसते. आमचे आण्णा उजनीच्या पाण्यावर मासेमारी करतात आणि त्यावरच आमचे घर चालते. त्यांना मी हे सांगितले तेव्हा प्रथम ते हसले. मग म्हणाले की, पिसाच्या शंभर माश्या असतील तर आज कोणती लावायची हे त्या माणसाला कळते कसे? स्क्यूज यांचे सारे आयुष्य याच प्रश्नात गेले.

त्या काळी याचे उत्तर फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्याकडे आहे असे सर्वजण मानत. त्यांचे १८८६ चे आणि १८८९ चे पुस्तक या खेळाचे धर्मग्रंथच होऊन बसले होते. पाण्यावर कोणता कीटक तरंगतो आहे ते पाहावे, हुबेहूब तशी माशी बांधावी आणि ती कोरडी, तरंगती ठेवून माशाच्या डोक्यावरून वाहू द्यावी, असे त्यांचे म्हणणे. हॅलफर्ड काही अडाणी नव्हते. कीटकांचा त्यांचा अभ्यास खरोखरच दांडगा होता. पण त्यांच्या अनुयायांनी अभ्यास बाजूला ठेवला आणि नियम तेवढा उचलला. बुडती माशी वापरणे म्हणजे जवळजवळ लबाडी, असे ठरून गेले.

स्क्यूजही प्रथम याच पंथातले होते. पण एकदा त्यांनी तरंगण्यासाठी बांधलेली माशी पिसाच्या मऊपणामुळे बुडाली आणि मासे तिलाच घेऊ लागले. दुसरा कुणी असता तर माशी बदलून मोकळा झाला असता. स्क्यूज विचार करू लागले. या नदीतले कीटक पंख फुटण्यापूर्वीचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली काढतात. या अवस्थेला निंफ म्हणतात. कात टाकायला निंफ वर येतो, आणि पंख फुटून उडून जाण्याआधीच पुष्कळदा मासा त्याला गाठतो. वरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की पाण्यावर वर्तुळ उठले. मासा वरची माशी खातो आहे, असा त्याचा समज होतो.

याची खात्री करण्याची त्यांची रीत मला फार आवडली. साहेब लोकांच्या जेवणाच्या टेबलावर हाडाच्या नळीतली मज्जा काढण्यासाठी एक लांबट, अरुंद चमचा असे. (आपण नळी ताटावर आपटतो!) हा चमचा स्क्यूज धरलेल्या माशाच्या घशातून आत घालत, पोटातले अन्न बाहेर काढत, आणि पांढऱ्या बशीतल्या पाण्यात ते सुटे करून पाहत. त्यात निंफ निघाले की त्याच आकाराची, त्याच रंगाची माशी ते बांधत. १९१० आणि १९२१ साली त्यांची दोन महत्त्वाची पुस्तके आली. लिहिण्याची पद्धत वकिलाची: आधी पुरावा, मग म्हणणे.

मासा कोणत्या रीतीने फसवावा यावर पोट भरलेल्या माणसांनी एवढे भांडावे, याचे मला प्रथम हसू आले होते. पण पुढचे वाचल्यावर हसू राहिले नाही. हॅलफर्ड १९१४ साली वारले, तरी वाद मिटला नाही. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफच्या बाजूने आणि विरुद्ध रीतसर वादविवाद झाला. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते, आणि सभेतला बराच मोठा वर्ग त्यांच्या विरोधात होता. ॲबट्स बार्टनच्या भागीदारांतही कुरबुर होतीच. त्याच वर्षीचा हंगाम संपल्यावर त्यांनी पंचावन्न वर्षांचे आपले पाणी सोडले.

तक्रार करीत ते बसले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १९३९ मध्ये, निंफवरचे त्यांचे स्वतंत्र पुस्तक बाहेर पडले. विल्टशरमधल्या नॅडर नदीवर ते त्यानंतरही मासे धरीत राहिले. ऑगस्ट १९४९ मध्ये, एक्क्याण्णवावा वाढदिवस चार दिवसांवर आला असताना, ते वारले. त्यांची रक्षा इचेनच्या काठी, ॲबट्स बार्टनलाच, विखुरण्यात आली. तिथे त्यांच्या नावाचे एक बाक आहे आणि त्यावर १८८३ व १९३८ ही दोन साले कोरलेली आहेत.